पांडूची बाटली

गेल्या वर्षीची मे अखेरची दुपार. नवतपा लागून दोन दिवस झाले होते. त्या दिवसांत नागपुरात अकरानंतर घराबाहेर कोणी पडत नाही, पडलंच तर खिशात कांदा टाकून पडतं. खिडक्यांना आतून चादरी लावलेल्या, हॉलमध्ये अंधार, आणि अशात कूलरचा पंप बसला. पंखा फिरत होता, पण खसच्या ताट्या कोरड्याठाक. भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखी झळ अंगावर येत होती. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, ओला पंचा छातीवर टाकून डोळे मिटून पडलेल्या. मी कूलरवाल्या भाऊंना फोन केला. ऊन उतरल्यावर येतील असं वाटलं होतं, पण म्हातारं माणूस घरात आहे म्हटल्यावर ते अडीच वाजताच आले. डोक्याला, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, त्यातून फक्त डोळे दिसत होते. दुपट्टा सोडला तेव्हा कानापासून हनुवटीपर्यंत वाळलेल्या घामाची पांढरी रेघ होती. "काकू, थंडं पानी भेटन का?" म्हणाले. मी लगबगीनं स्वयंपाकघरात गेले, माठातून तांब्या भरला. बाहेर आले तर त्यांनी टेबलावरची प्लास्टिकची बाटली उचलली होती. लिटरची बाटली, आत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, बाहेरून दव धरलेलं. झाकण उघडलेलं होतं, बाटली ओठांशी जायचीच बाकी होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"अहो भाऊ, ती नको. ती पांडूची आहे."

त्यांनी काही विचारलं नाही. झाकण लावलं, बाटली होती तिथेच ठेवली. टेबलाच्या सनमायकावर ओलं वर्तुळ उमटलं होतं, ते दुपट्ट्याच्या टोकानं पुसलं. मग माझ्या हातातून तांब्या घेऊन, उंचावरून धार धरून, एका दमात सगळं पाणी प्यायले. आणखी एक तांब्या मागितला. तोही प्यायले. एवढंच घडलं. त्यांनी पंप उघडला, आतला क्षार खरवडून काढला, अर्ध्या तासात ताट्यांवरून पाणी उतरायला लागलं आणि सासूबाईंनी डोळे उघडले. मला मात्र ती दुपार आजपर्यंत सोडत नाही. रात्री कूस बदलताना ते ओलं वर्तुळ पुसणारं दुपट्ट्याचं टोक दिसतं.

पांडू म्हणजे आमच्या घरातला अ‍ॅक्सोलॉटल. सॅलॅमँडरच्या कुळातला, मेक्सिकोचा. वीतभर लांब, दुधात गुलाबाचं पाणी पडावं तशा रंगाचा, रुंद तोंड, पापण्या नसलेले बारीक काळे डोळे, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तांबूस पिसारे. ते पिसारे म्हणजे त्याचे कल्ले. बाकीचे अनेक सॅलॅमँडर मोठे झाले की कल्ले टाकतात आणि जमिनीवर येतात. हा येत नाही. जन्मभर पाण्यात, जन्मभर पिल्लाच्याच रूपात, आणि त्याच रूपात त्याला पिल्लंही होतात. बारावीनंतरच्या सुटीत नव्हे, बारावीच्या ऐन वर्षात, डिसेंबरमध्ये, माझ्या मुलानं साठवलेल्या पैशांतून तो आणला. माइनक्राफ्ट नावाच्या खेळात 2021 साली हा प्राणी आला आणि त्या वयाच्या सगळ्याच पोरांना तो तोंडपाठ झाला. नाव सासूबाईंनी ठेवलं. पांढरट अंग बघून त्या म्हणाल्या, "हा तं पांडुरंगच होय," आणि पांडुरंगाचा पांडू झाला. पुढे मुलगा शिकायला पुण्याला गेला. टाकी, फिल्टर, थर्मामीटर, गांडुळांचा डबा आणि पांडू माझ्याकडे राहिले. जाताना त्यानं भिंतीवर कागद चिकटवला. त्यावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आई, पाणी 18 अंश. 20 पर्यंत चालेल. 24 च्या वर नको.

नागपूर आणि 18 अंश. डिसेंबरात आणला तेव्हा हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडची रात्र आठ-दहा अंशांवर उतरते, सकाळी टाकीतल्या पाण्यात हात घातला की बोटं बधिर होत. पांडू मजेत होता. त्या दिवसांत एकदा मुलानं नकाशा उघडून दाखवला. याचं गाव मेक्सिको शहराच्या दक्षिणेला, सोचिमिल्को नावाचं. तिथले कालवे, तळी, पाण्यात गाळ भरून केलेली शेतं. बोटानं पृथ्वीचा गोल फिरवत आणला तर मेक्सिको शहर साडेएकोणीस अंश अक्षांशावर, आपलं नागपूर एकवीसवर. म्हणजे ते तर आपल्याहून किंचित खालीच, विषुववृत्ताच्या जास्त जवळ! सूर्य दोघांच्याही डोक्यावर तसाच येतो. फरक उंचीचा. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर, आपण जेमतेम तीनशे मीटरवर. मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, उंची वाढली की तापमान उतरतं हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण ते वाक्य घरातल्या टाकीत चार पायांवर चालताना बघणं वेगळं. आपल्या देशातला सॅलॅमँडरही दार्जिलिंगकडच्या डोंगरातलाच, आणि तो संरक्षित आहे, घरी ठेवता येत नाही. या जातीच्या जिवांनी आपली जागा थंडाव्यात शोधलेली आहे. आपण त्यांना उचलून इथे आणतो.

दुकानातून आला तेव्हा त्याच्या पुढच्या डाव्या पंजाला एकच बोट होतं. एका छोट्या टाकीत दहा-बारा पिल्लं कोंबलेली होती. लहान वयात ही पिल्लं भुकेनं एकमेकांच्या पायांना धरतात. दुकानदारानं सोबत रंगीत खडेही दिले होते, तळाशी टाकायला. ते मोठंच चुकलं. हा प्राणी तोंड उघडून पाण्यासकट समोरचं सगळं आत ओढतो, खडाही गिळतो, आणि अडकला तर मरतो. दुसऱ्या दिवशी मुलानं कुठेतरी वाचलं आणि रात्री अकरा वाजता आम्ही दोघांनी बसून एकेक खडा वेचून काढला. एक निळा खडा मात्र त्याच्या पोटात गेलेलाच होता, कातडीतून गडद ठिपक्यासारखा दिसायचा. पाचव्या दिवशी तो बाहेर पडला आणि मुलानं अभ्यासाच्या टेबलावर तो ठेवून दिला, अजून तिथेच आहे. पंज्याचं तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आधी तुटलेल्या जागी गुलाबी मोड आला, मुगाला येतो तसा. मग तो चपटा झाला, वल्ह्यासारखा. मग त्या वल्ह्याच्या कडेला खाचा पडल्या आणि खाचांतून बोटं सुटी झाली. पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच. सासूबाई रोज दुपारच्या चहानंतर टाकीशी खुर्ची ओढून बसत आणि चष्मा पुसून बोटं मोजत. ज्या दिवशी चौथं बोट स्पष्ट दिसलं त्या दिवशी त्यांनी देवापुढे गूळ ठेवला.

पाण्याचं मला नव्यानं शिकावं लागलं. पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे स्वच्छ असतं असं नाही. त्याच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. आम्ही टाकी भरली आणि त्याच दिवशी पांडूला सोडलं. पहिले पाच आठवडे रोज पाणी बदललं तेव्हा तो जगला. अमोनिया आहे का ते कळायला नळीत थोडं पाणी घेऊन, तपासणीचे थेंब टाकून ते पिवळं राहतं की हिरवं होतं ते बघायचं. हिरवं झालं की पोटात गोळा यायचा. नळाचं पाणी बादलीत भरून, अँटी क्लोरीनचे थेंब टाकून ठेवायचं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, म्हणून पाणी बदलण्याची वेळ पहाटे पाचची. त्या वेळी बाहेर कोकिळा असते, रस्त्यावर दूधवाल्याची गाडी, आणि मी गुडघ्यावर बसून नळीनं तळाचा गाळ ओढत असते. पांडू सावकाश चालत येतो आणि नळीला नाक लावून उभा राहतो. तो मला ओळखतो असं मी म्हणणार नाही. पण येतो.

गांडुळांचं प्रकरण मात्र मला अजून सोपं जात नाही. माझे बाबा काटोलचे, संत्र्याची बाग होती आमची. पाऊस पडून गेला की आळ्यातली माती भुसभुशीत व्हायची आणि गांडुळं वर यायची. मी लहानपणी काडीनं त्यांना उचलायला गेले की बाबा म्हणायचे, "ठेव बेटा, तो आपला गडी होय, बिनपगारी." त्या वाक्यानं माझ्या हातातली काडी खाली पडायची. आता मी आठवड्यातून तीन दिवस चिमट्यानं गांडूळ धरते, धुते आणि पांडूच्या तोंडापुढे हलवते. त्याला फारसं दिसत नाही, पाण्यातली हालचाल कळते. तो स्थिर होतो, कल्ले एकदा मागे झटकतो, आणि गप्प! असा आवाज येतो. आवाज खरंच येतो, काचेबाहेर ऐकू येतो. अर्धं गांडूळ आत, अर्धं ओठाबाहेर वळवळत. मग दुसरा झटका. त्याला खाताना बघून मला बरं वाटतं आणि त्याच क्षणी बाबांचा आवाजही ऐकू येतो. चातुर्मासात सासूबाई कांदा-लसूण सोडतात, पण पांडूच्या गांडुळांबद्दल त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. "त्याचा धर्म त्याच्यापाशी," म्हणतात.

मग उन्हाळे आले. घरात एसी एकच, आमच्या खोलीत. पहिल्या मार्चअखेरीस टाकी त्या खोलीत हलवली आणि एसी दिवसरात्र सुरू झाला. सासूबाईंना एसीत सांधे धरतात, त्या हॉलमध्ये कूलरपाशीच बऱ्या. पण कूलर बंद पडला, वीज गेली, की त्यांना त्या खोलीत न्यावं लागे आणि मग मी एकदा त्यांच्या अंगावर चादर ओढायची आणि एकदा थर्मामीटर बघायची. नातेवाईक विचारायचे, एवढं बिल भरता कशाला? ह्यांनी कधी विचारलं नाही, फक्त बिल आलं की ते टेबलावर उपडं ठेवायचे. खास पाणी गार करणारं चिलर नावाचं यंत्र मिळतं, त्याची किंमत ऐकून तो विषय तिथेच मिटला. आणि गेल्या मे महिन्यात एसीतला गॅस गेला. ऐन मोसमात दुरुस्तीवाल्याची चार दिवस वाट. ते चार दिवस मी फ्रीजरमध्ये पाच बाटल्या गोठवून पाळीपाळीनं टाकीत सोडत होते. एका वेळी एकच, कारण पाणी एकदम गार झालं तरी त्याला सोसत नाही. बर्फ विरघळत आला की बाटली काढायची, पुसायची, पुन्हा फ्रीजरला. रात्री दीड आणि साडेचारचा गजर. काटोलच्या आमच्या विहिरीचं पाणी मला आठवायचं. मे महिन्यात बाबा मोटर सुरू करायचे आणि आम्ही भावंडं धारेखाली उभी राहून दात वाजवायचो. त्याच उन्हाळ्यात भावानं मुद्दाम त्या पाण्यात थर्मामीटर घालून मला फोनवर सांगितलं, 26 अंश. ज्या पाण्यानं आमच्या अंगावर शहारे यायचे तेही पांडूला गरमच.

त्या चार दिवसांतली ती दुपार.

पंप लावून झाल्यावर भाऊ हात पुसत आतल्या खोलीच्या दारात आले. "पांडू म्हनजे हा होय का?" मी हो म्हटलं. ते उकिडवे बसले, काचेला नाक लावलं. पांडू तळाशी होता, शेपटीचं टोक आखडून घेतलेलं, कल्ले पुढे वळलेले. त्याला त्रास होतोय याची ती खूण. पाणी 27 वर गेलं होतं. "याले गरमी सहन नाई होत वाटते," ते म्हणाले. मी बाटल्यांचं सांगितलं. ते थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काकू, मंग याच्यावर पंखा सोडा ना. कूलर तं हाच होय. खस नाई, एवढंच." कपाटावरचा जुना टेबलफॅन त्यांनी काढला, तारेनं खिडकीच्या गजाला बांधला, तोंड पाण्याकडे तिरपं केलं. टाकीवरचं काचेचं झाकण काढून तिथे मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला, पांडूनं उडी मारू नये म्हणून. रात्री नऊ वाजता पाणी 24 वर होतं आणि पांडूची शेपटी सरळ झाली होती. पंख्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, फक्त पंपाचे घेतले.

अप्रकट उष्मा हा धडा मी नववीला किती वर्षं शिकवला. टाकीतल्या तापमानाला एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे 580 कॅलरी घेऊन जातं. शंभर लिटरच्या टाकीतलं एक लिटर उडालं तर उरलेलं पाणी पावणेसहा अंशांनी उतरायला हवं, बाहेरची उष्णता आत आली नाही तर. उन्हाळ्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी की दोरीवरची साडी तासाभरात कडक होते. 2013 च्या मे महिन्यात इथं 47.9 अंश नोंदले गेले, त्या हवेतही माठातलं पाणी गार होतं ते याच नियमानं. पण जूनमध्ये मृगाचा पाऊस आला, सगळं शहर सुखावलं, आणि पांडूचे खरे वाईट दिवस सुरू झाले. हवेत ओल भरली की पाणी उडत नाही. जुलैत जसा कूलर नुसता चिकट वारा फेकतो तसाच तो टेबलफॅनही. बाहेर 30 अंश, आपल्याला सुसह्य, आणि टाकीत 28. उन्हाळ्यात जे निभावलं ते पावसात हातातून सुटलं. त्याच्या एका कल्ल्यावर कापसासारखी बुरशी धरली. त्याला टबात वेगळं ठेवलं, रोज गार केलेलं ताजं पाणी, रोज सकाळी त्या पांढऱ्या पुंजक्याकडे बघणं. आठव्या दिवशी तो पुंजका गळून पडला. सासूबाईंनी पुन्हा गूळ ठेवला.

आता त्या बाटलीबद्दल. संध्याकाळी मी स्वतःला समजावलं की मी बरोबरच बोलले. ती बाटली टाकीत बुडलेली असते, अशा प्राण्यांच्या पाण्यात रोगजंतू असतात, पांडूला हात लावल्यावर आम्ही साबणानं हात धुतो. एखाद्यानं ती तोंडाला लावली आणि आजारी पडला तर? हे सगळं खरं आहे. पण मी तसं म्हटलं नव्हतं. "ती घाण आहे, पिऊ नका" असं माझ्या तोंडून निघालं नाही. "ती पांडूची आहे" असं निघालं. त्या क्षणी माझ्या डोक्यात जंतू नव्हते. माझ्या डोक्यात हिशोब होता. ही बाटली साडेतीनपर्यंत पुरवायची आहे, पुढची अजून गोठली नाही, झाकण उघडलं गेलं, पाणी कमी झालं. माझ्या समोर चाळिशीतला एक माणूस उन्हानं करपलेल्या ओठांनी उभा होता आणि मी बर्फ मोजत होते.

आणि वाक्य. ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. काटोलच्या घराच्या मागच्या दारी, विहिरीकडे जाताना, भिंतीत एक कोनाडा होता. त्यात जर्मनचा एक पेला उपडा ठेवलेला असायचा, कडेला पोचा आलेला. संत्र्याच्या तोडीला येणाऱ्या माणसांसाठी. मी सहा-सात वर्षांची असेन. खेळून आले, तहान लागली, कोनाड्यातला पेला घेऊन बादलीत बुडवायला गेले आणि आजीनं ओसरीवरून आवाज दिला, "तो नको गं, तो त्यांचा आहे." आजी प्रेमळ होती. त्या माणसांना जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, तिटकारा नव्हता, एखादी साधी गोष्ट लेकराला सांगावी तसा आवाज होता. मी पेला परत उपडा ठेवला. दीक्षाभूमीच्या या शहरात मी तीस वर्षं राहिले आहे, दरवर्षी दसऱ्याला लांबून चालत आलेल्या माणसांना रस्त्यावर पाणी वाटलं आहे, शाळेत पोरांना एका रांगेत बसवून एकाच पिंपातलं पाणी पाजलं आहे. तो पेला माझ्यात कुठे उपडा पडून राहिला असेल असं मला वाटलं नव्हतं. भाऊंची जात मला माहीत नाही, मी कधी विचारली नाही, आणि त्या दुपारी गोष्ट जातीची नव्हतीच. पण आवाज तोच होता. साधा, शांत, ही वस्तू कोणाची ते सांगणारा.

मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "आई, मी त्याला आणायलाच नको होतं." मला ते ऐकवलं नाही. त्याच्या सोचिमिल्कोत आता पांडूचे किती भाऊबंद उरले आहेत ते त्यानंच मला सांगितलं होतं. 1998 च्या पाहणीत चौरस किलोमीटरमागे सुमारे 6000, 2014 साली 36. शहराचं सांडपाणी कालव्यांत आलं, खाण्यासाठी म्हणून कार्प आणि तिलापिया मासे सोडले गेले, त्यांनी अंडी आणि पिल्लं फस्त केली. मेक्सिकोनं 2021 मध्ये पन्नास पेसोंच्या नोटेवर याचं चित्र छापलं. नोटेवर आहे, कालव्यात जवळजवळ नाही. जगभरच्या टाक्यांत आणि प्रयोगशाळांत मात्र भरपूर. 1864 साली 34 जनावरं मेक्सिकोहून जहाजानं पॅरिसला गेली, त्यातली सहा द्युमेरिल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाकडे आली आणि त्यांची प्रजा प्रयोगशाळांतून जगभर पसरली. पांडूच्या कितव्या आजोबांनी तो समुद्र पार केला असेल! त्याला परत नेऊन सोडावं असं कोणतंही पाणी नाही. इथल्या फुटाळ्यात नाही, अंबाझरीत नाही, त्याच्या स्वतःच्या गावातही नाही. विदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठीच्या 2024 च्या नियमांनुसार मुलानं त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली. हे प्राणी दहा-पंधरा वर्षं जगतात. म्हणजे माझ्या सत्तरीपर्यंत पहाटे पाचला उठणं आलं. मी उठेन. मला तो हवा आहे. त्याला गार ठेवण्यासाठी जे लागेल ते मी मोजत राहीन, हेही मला आता कळलं आहे, आणि त्या कळण्यानं जीव हलका होत नाही.

यंदा गुढीपाडव्यानंतर मी भाऊंना कूलर बसवायला बोलावलं. ते येण्याआधीच माठाचं पाणी तांब्यात काढून, फुलपात्र झाकण ठेवून टेबलावर मांडलं. त्याच टेबलावर. फ्रीजमधली गार बाटलीही शेजारी ठेवली, नवी, कधीच टाकीत न गेलेली. ते आले, दुपट्टा सोडला. मी म्हटलं, "आधी पाणी घ्या." ते हसले. "राहू द्या काकू, आहे माह्याजवळ." आणि खिशातून ओल्या वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली. आत चिखलात गुंडाळलेली सात-आठ जाड गांडुळं. "आमच्या नळाजवळची होय. फवारा-बिवारा काई मारत नाई आम्ही तिथं. पांडूसाठी आनली." ती एक दिवस ओल्या मातीत ठेवून मग द्यायची असतात, मी तसं सांगितलं. ते म्हणाले, द्या उद्या. टाकीशी जाऊन उकिडवे बसले. सासूबाईंनी त्यांना बोटं मोजून दाखवली.

ताट्या बदलल्या, पाणी सोडलं, पैसे घेतले. तांब्यावरचं फुलपात्र तसंच होतं. मी दारापर्यंत गेले. त्यांच्या गाडीच्या हँडलला एक बाटली टांगलेली होती, जुन्या तरटाचा तुकडा सुतळीनं घट्ट शिवून तिच्यावर चढवलेला, म्हणजे वाऱ्यावर पाणी गार राहतं. त्यांनी बाटली काढून दोन घोट घेतले, अंगणातला नळ सोडला, ते तरट पुरतं भिजेपर्यंत धारेखाली धरलं, आणि थेंब गळणारी ती बाटली पुन्हा हँडलला अडकवून गाडीला किक मारली.